पाटीतले दोन रंग

वेबसाइटसाठी रंगसंगती सुचत नसेल तर तासन्‌तास दुसऱ्यांच्या साइट धुंडाळण्यापेक्षा कोल्हापुरात महाद्वार रोडवर एक चक्कर मारा. हाताने रंगवलेली पाटी दिसली की फोटो काढा आणि घरी येऊन त्यातले दोनच रंग घेऊन एक बटण बनवा. रोज एकच, पण रोज. रंग कितीही आवडला तरी आधी कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, तपासा. साध्या मजकुराला किमान ४.५:१ हवा. पिवळ्यावर पांढरं हमखास नापास होतं. मराठीत ओळीची उंची अक्षराच्या १.७ पट तरी ठेवा, मी ठेवतोच. नाहीतर ‘मार्गी’चा रफार वरच्या ओळीतल्या ‘कृती’च्या पायाला टेकतो आणि वाचणारा अडखळतो. मग भर दुपारी रंकाळ्यावर उभं राहून तेच पान मोबाईलवर वाचून बघा.