दिवाडी नकाशातून गळते तेव्हा: शहर-नियोजनात येऊ पाहणाऱ्यांसाठी

वास्तुकला, सिव्हिल किंवा भूगोल शिकलेली मुलं-मुली विचारतात, "नियोजनात यायचंय, जीआयएसचा (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडून अभ्यासायच्या तंत्राचा) कुठला कोर्स करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. क्यूजीआयएस हे त्याचंच सॉफ्टवेअर उतरवून घ्या, ते मोफत आहे, आणि आपल्या भागाचा एक प्रश्न धरा. कोर्सचं नंतर बघू. प्रश्न मात्र असा हवा, की त्याचं उत्तर कुणाला तरी खरोखर हवं आहे. उदाहरणार्थ, गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावरच्या एखाद्या आजारी बाईला बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पोचायला किती वेळ लागतो?

वाटतो तितका हा प्रश्न सोपा नाही. ओपनस्ट्रीटमॅप या मोफत, खुल्या नकाशावरून रस्ते घ्यायचे, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या ओएसएमएनएक्स या साधनाने त्यांचं जाळं बांधायचं आणि कमीत कमी वेळाचा मार्ग काढायचा, इथवर कुणीही चार दिवसांत पोचतं. पण दिवाडीला पूल नाही. माणसं, स्कूटर, गाड्या, सगळं फेरीबोटीतून जातं. ओएसएमएनएक्स एरवी फक्त 'हायवे' टॅग (नकाशातल्या रेषेला लावलेली खूण; इथे कुठलाही रस्ता) असलेल्या रेषा उचलतं आणि फेरीचा टॅग वेगळा असतो. त्यामुळे बेट सुटं पडतं. शिवाय जाळ्याचा सर्वांत मोठा सलग तुकडाच ठेवायचा, असं त्यात आधीपासून ठरलेलं असल्याने अख्खी दिवाडी गळून जाते आणि पडद्यावर एकही एरर येत नाही. पुढचा प्रकार तर फारच वाईट. दिवाडीतल्या घराला 'जवळचा रस्ता' शोधायला सांगितला, की सॉफ्टवेअर ते घर नदीपलीकडे जुन्या गोव्याच्या रस्त्याला चिकटवतं. मग नकाशावर गोमेकॉ अगदी हाकेच्या अंतरावर! ज्यांची सर्वांत जास्त अडचण, तेच सर्वांत सुखात दिसतात. अशा नकाशावरून रुग्णवाहिका कुठे ठेवायची हे ठरलं, तर काय होईल याचा विचार करा.

यावर उपाय हातानेच करावा लागतो. फेरीची रेषा स्वतः जोडायची आणि तिला वेळ द्यायचा: पार करायला लागणारी मिनिटं, अधिक वाट पाहण्याची मिनिटं. दोन फेऱ्यांमध्ये वीस मिनिटं असतील तर सरासरी दहा मिनिटं धरतात. शेजारच्या चोडण बेटाचं थोडं निराळं आहे. तिथे डिचोलीच्या बाजूने रस्ता आहे, त्यामुळे बेट गळत नाही, पण रायबंदरची फेरी जोडली नाही तर मार्ग उगाच लांबून फिरतो.

प्रोजेक्शनचं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायच्या पद्धतीचं, एका वाक्यात सांगते. मीटरमध्ये मोजायचं असेल तर गोव्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये यूटीएम ४३ उत्तर हे प्रोजेक्शन निवडा, कोड ३२६४३.

आता लोकसंख्या. गावपातळीवरचे आकडे अजून २०११ च्या जनगणनेचेच वापरावे लागतात. त्यात गोव्याचे सुमारे ६२ टक्के लोक शहरी आहेत, पण यातली बरीच 'जनगणना शहरं' आहेत, म्हणजे लोकसंख्या, घनता आणि बिगरशेती रोजगार यांच्या निकषांवर शहर ठरलेली आणि कारभार मात्र पंचायतीचा असलेली. नकाशावर गाव म्हणजे एक आकृती आणि तिचा मध्यबिंदू, वेळ मोजायचा तो तिथून. आपलं गाव तर वाड्यावाड्यांत विखुरलेलं असतं आणि तो मध्यबिंदू खुशाल खाडीकाठच्या खाजन शेतात किंवा डोंगरमाथ्यावर पडतो. म्हणून बिंदू वाड्यांवर ठेवा. उपग्रहचित्रात घरं दिसतात, वाड्यांची नावं मात्र गावात जाऊनच कळतात. हे काम वेळखाऊ आहे आणि मला सर्वांत आवडतं तेही हेच.

बसच्या वेळापत्रकासाठी जगभर जीटीएफएस हा साचा (थांबे, मार्ग आणि वेळा संगणकाला वाचता येतील अशा लिहिण्याची ठरलेली पद्धत) चालतो. २००५ मध्ये गूगल आणि अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या परिवहन संस्थेने मिळून तो सुरू केला. कदंबाच्या, म्हणजे सरकारी बसच्या, वेळा स्टँडवर मिळतात. गावच्या खासगी बसचं वेळापत्रक बहुधा कंडक्टरच्या डोक्यात असतं, तेव्हा वही घेऊन म्हापसा किंवा फोंड्याच्या स्टँडवर बसावं लागतं. मग एकच नकाशा दोनदा काढा, सकाळी साडेआठचा आणि रात्री साडेआठचा. सकाळी पणजीशी जोडलेलं सत्तरी तालुक्यातलं गाव रात्रीच्या नकाशात तुटलेलं दिसेल. 'चांगलं जोडलेलं शहर' म्हणताना आपण कुठल्या वेळेबद्दल बोलतोय, हे सांगायलाच हवं.

जाळ्याचा एक दुवा तुटला तर काय होतं, हे पुस्तकातून शिकण्याआधी गोव्याने भोगलंय. पणजीजवळ १९७० मध्ये खुला झालेला मांडवी नदीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला आणि दोन काठांवरचे बार्देश व तिसवाडी हे तालुके पुन्हा फेरीबोटींवर आले. किती लघुतम मार्ग एकाच दुव्यावरून जातात, हे मोजणाऱ्या मापाला बिट्वीननेस म्हणतात. आज पणजीला तीन पूल आहेत, शेवटचा अटल सेतू २०१९ चा. एक बंद पडला तर दुसरा आहे, ही मोठी सोय झाली. पण तिन्ही पूल शेजारीशेजारी आहेत, त्यामुळे दिवाडीची मिनिटं होती तेवढीच राहिली.

शिक्षणाचं म्हणाल तर पणजीच्या आल्तिनोवरच्या गोवा कॉलेज ऑफ आर्किटेक्चरमधून किंवा इंजिनिअरिंगमधून पदवी घेऊन एम.प्लॅनसाठी (नियोजनातल्या पदव्युत्तर पदवीसाठी) दिल्ली, भोपाळ, अहमदाबादला जाता येतं. गेट या प्रवेशपरीक्षेत आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा पेपर आहे आणि २०२२ पासून जिओमॅटिक्सचाही (मोजणी आणि नकाशांचं शास्त्र). डेहराडूनच्या आयआयआरएसचे (उपग्रहचित्रांचा अभ्यास शिकवणाऱ्या सरकारी संस्थेचे) ऑनलाइन कोर्स मोफत असतात, ते जरूर करा.

मुलाखतीला मात्र सर्टिफिकेटांच्या आधी तुमचा एक नकाशा पुढे ठेवा आणि त्याला एक पान जोडा: कुठला डेटा कधीचा, फेरीची वाट किती मिनिटं धरली, कुठला वाडा सुटला. माणसं निवडताना मी ते पान आधी वाचते.