बिघाडाचं मिनिट: फसलेल्या विज्ञानपटांचा अभ्यासवर्ग कसा घ्यावा

"सुरुवात भारी होती, शेवटी वाट लावली." आपलं जग बनावट आहे, आपले निर्णय दुसरंच कोणी घेतंय, अशा विषयावरचा विज्ञानपट संपला की बहुतेक जण हेच म्हणतात आणि चर्चा तिथेच थांबते. खापर शेवटावर फुटतं. बिघाड मात्र बऱ्याचदा त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी झालेला असतो. एखादा नियम सांगायचा राहिलेला असतो, नाहीतर सांगितलेला नियम कथेच्या सोयीसाठी गुपचूप वाकवलेला असतो. ते नेमकं मिनिट शोधायला शिकवणं हे या अभ्यासवर्गाचं काम. अमळनेर, चोपडा, शहादा, चाळीसगाव, कुठल्याही गावातल्या महाविद्यालयाला चार आठवड्यांत हे जमण्यासारखं आहे.

चित्रपटांची निवड

सपशेल वाईट चित्रपट घेऊ नका, त्यातून काही हाती लागत नाही. कल्पना जोरदार, पहिला अर्धा भाग पकड घेणारा आणि पुढे घसरलेला, असा चित्रपट हवा. चार पुरेत: 'द अॅडजस्टमेंट ब्युरो' (२०११), 'डार्क सिटी' (१९९८), 'द थर्टीन्थ फ्लोअर' (१९९९) आणि 'नेक्स्ट' (२००७). दाखवायचा क्रमही हाच ठेवा. 'द मेट्रिक्स' मुद्दाम टाळा. तो बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो, मतं आधीच पक्की झालेली असतात आणि सगळी संध्याकाळ सत्य दाखवणारी लाल गोळी की भ्रमात ठेवणारी निळी गोळी यातच जाते.

परवानगीचा विषय आधी मिटवा. घरच्या ओटीटी वर्गणीवर किंवा विकत घेतलेल्या डीव्हीडीवर सार्वजनिक खेळ करता येत नाही, तिकीट नसलं तरी. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थांना सवलत आहे: संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून चित्रपट दाखवता येतो, पण प्रेक्षक म्हणजे तिथले शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि त्या उपक्रमाशी संबंधित माणसं एवढेच. म्हणून वर्ग महाविद्यालयाच्या नावाने घ्या आणि हजेरीपट ठेवा. वाचनालयात घ्यायचा असेल तर हक्कधारकाची लेखी परवानगी लागेल. ती मिळत नसेल तर प्रत्येकाने घरी बघून यावं आणि वाचनालयात नुसती वही घेऊन बसावं. हा दुसरा मार्गही चांगला चालतो, फक्त मध्येच थांबवून विचारण्याची सोय जाते.

खोली, वीज, सबटायटल

एप्रिल-मे सोडून द्या. भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४४-४५ वर असताना पत्र्याच्या सभागृहात रात्री आठलाही भिंती तापलेल्या असतात, आणि पंखे जोरात लावले की संवाद ऐकू येत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. श्रावणात घेत असाल तर नागपंचमीनंतरचा रविवार धरू नका, खानदेशातला कानबाईचा सण असतो, घरचे रोट सोडून कोणी येणार नाही.

तीस-चाळीस माणसांना आठ फूट रुंद पडदा आणि ३००० ते ३५०० ल्युमेन (प्रकाशाचं माप) चा प्रोजेक्टर पुरतो. खरी अडचण विजेची. वीज गेली की जुन्या प्रोजेक्टरचा पंखा दिवा थंड होण्याआधीच बंद पडतो आणि असं वारंवार झालं की दिवा जातो. म्हणून प्रोजेक्टर थेट भिंतीच्या सॉकेटला लावू नका, इन्व्हर्टरवर लावा आणि इन्व्हर्टरच्या मागचं बटण 'यूपीएस' वर ठेवा. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला जो क्षण लागतो, तेवढ्यातही प्रोजेक्टर बंद होऊ शकतो. प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि स्पीकर मिळून ४५० वॅटच्या आसपास जातात. १५० एएचची एक चांगली बॅटरी त्यावर जेमतेम दोन तास ओढते, जुनी असेल तर तासाभरात मान टाकते.

सबटायटलची एसआरटी फाइल आदल्या दिवशी तपासा, आणि ती सुरुवातीला नाही तर शेवटच्या दहा मिनिटांत तपासा. सुरुवातीला जुळतात आणि पुढे हळूहळू मागेपुढे होतात अशी सबटायटलं दुसऱ्या फ्रेमदराच्या (सेकंदाला किती चित्रं, त्या हिशेबाच्या) प्रतीसाठी बनलेली असतात. २३.९७६ आणि २५ मधला फरक शंभर मिनिटांत चार मिनिटांवर जातो. व्हीएलसीमध्ये जी आणि एच ही बटणं सबटायटल पुढेमागे सरकवतात, पण त्याने हा दोष जात नाही. वेग बदलावा लागतो, किंवा दुसरी फाइल शोधावी लागते.

वही

प्रत्येकाला साधी शंभर पानी वही द्या. पानावर तीन रकाने आखायला सांगा: वेळ, नियम, शंका. पडद्याजवळ चालू घड्याळ दिसेल असा मोबाइल ठेवा आणि मागच्या बाजूला एक मंद दिवा कायम चालू ठेवा, नाहीतर अंधारात कोणी लिहीत नाही. नियम म्हणजे त्या बनावट जगाबद्दल चित्रपट आपल्याला जे काही पक्कं सांगतो ते. 'टोपी घातली की कुठलंही दार कुठेही उघडतं' हा नियम. 'नायक घाबरला' हा नियम नाही. पहिल्या दिवशी लोक कथाच लिहून काढतात. दहा मिनिटांनी एकदा थांबवून दोन-तीन वह्या मोठ्याने वाचा, म्हणजे फरक कळतो.

वहीच्या आतल्या पानावर चार प्रश्न लिहून द्यावेत. ताबा कोणाचा आहे? त्याला काय जमत नाही? ताबा ठेवताना त्याचं काय खर्ची पडतं? आणि नायकाने स्वतःच्या मनाने निवड केली तर तो काय गमावतो? यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाला उत्तर नसलं की चित्रपट बसतो. ज्याला सगळंच जमतं अशा नियंत्रकाविरुद्ध कोणी काही करूच शकत नाही, मग लेखकाला शेवटी त्याच्या तोंडून 'जा, सोडलं' असं म्हणवून घ्यावं लागतं. आणि ज्या निवडीत काही गमवायचं नाही, ती निवड वाटतच नाही.

पहिल्या दिवशीचं वह्या वाचण्यापुरतं थांबणं सोडलं तर चित्रपट दोनदाच थांबवा. पहिली वेळ पहिली अघटित घटना घडली की लगेच, दुसरी वेळ साधारण दोन तृतीयांश भाग झाल्यावर. प्रत्येक वेळी एकच प्रश्न: आते काय व्हई? (आता काय होईल?) उत्तर अहिराणीत आलं तर अहिराणीतच घ्या. प्रमाण भाषेत बोलायचं म्हटलं की निम्मे जण गप्प बसतात.

पहिला आठवडा: कॉफी आणि सात वाजून पाच मिनिटं

'अॅडजस्टमेंट ब्युरो'मध्ये माणसांची आयुष्यं वरून ठरलेल्या योजनेप्रमाणे चालवणारी एक गुप्त यंत्रणा आहे. तिच्यातल्या टोपीवाल्या एका माणसाला काम दिलेलं असतं: सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या आत डेव्हिड नॉरिस या राजकारण्याच्या शर्टावर कॉफी सांडली पाहिजे. टोपीवाल्याचा बागेतल्या बाकावर डोळा लागतो. डेव्हिडला बस मिळते, आधी एकदा भेटून मनात बसलेली नर्तिका एलिस बसमध्ये पुन्हा भेटते, तो ऑफिसात वेळेआधी पोचतो आणि बघतो तर सहकारी जागच्या जागी थिजलेले, अनोळखी माणसं त्याच्या मित्राच्या डोक्याशी यंत्रं लावून काहीतरी बदलतायत.

इथे थांबवा. वहीत दोन नियम आले पाहिजेत: नियंत्रकांना झोप लागते, म्हणजे ते चुकतात, आणि ते माणसाचं मत थेट बदलू शकतात. दुसऱ्या नियमापुढे शंकेच्या रकान्यात हे यायला हवं: मग डेव्हिडचंच मन का बदलत नाहीत? कोणाला सुचलं नाही तर सांगून टाकू नका, दोन मिनिटं वाट बघा.

पुढे रुग्णालयातल्या प्रसंगात डेव्हिडला किंमत सांगितली जाते. एलिससोबत राहिलास तर तू राष्ट्राध्यक्ष होणार नाहीस, आणि तिची नर्तिका म्हणून कारकीर्द लहान मुलांना नाच शिकवण्यात संपेल. तो तिला सोडून जातो. चित्रपटातली सगळ्यात खरी निवड हीच, कारण इथे काहीतरी जातं. त्यानंतर कथा अकरा महिने पुढे उडी मारते, एलिसचं लग्न ठरल्याचं कळतं आणि डेव्हिड निर्णय फिरवतो. किंमत वाढवून सांगितली होती एवढंच टोपीवाला त्याला सांगतो, तिच्या नृत्याचा हिशेब नीट पुन्हा मांडला जात नाही. आमच्या मते बिघाडाचं मिनिट हे. शेवटी वरून योजनाच बदलून मिळते याचा राग सगळ्यांना येतो, पण ती उधारी इथली आहे. मराठी प्रेक्षकाला हा फरक चटकन कळतो, कारण कृपा आणि स्वातंत्र्य हे दोन वेगळे शब्द त्याच्याकडे आधीपासून आहेत. डेव्हिडला मिळते ती कृपा.

जमल्यास फिलिप के. डिक यांच्या ज्या १९५४ च्या कथेवरून हा चित्रपट निघाला तिचा सारांश सांगा. तिथे कॉफी नाही, एक कुत्रा आहे. त्याने ठरल्या वेळी भुंकायचं असतं, तो एक मिनिट उशिरा भुंकतो. त्यामुळे एक साधा कारकून चुकीच्या वेळी ऑफिसात पोचतो आणि इमारतीला हात लावतो तर ती राखेसारखी ढासळते. शेवटी तो सुटतो, पण बायकोलाही काही सांगणार नाही असं वचन देऊन. किंमत चुकती होते.

दुसरा आणि तिसरा आठवडा

'डार्क सिटी'साठी गट दोन खोल्यांत बसवा. निर्मिती कंपनीच्या आग्रहावरून चित्रपटाच्या सुरुवातीला एका डॉक्टरच्या आवाजात निवेदन जोडलं गेलं. शहरावर ताबा असलेले परके कोण, त्यांना काय येतं, सगळं रहस्य तिथेच सांगून टाकलेलं आहे. एका खोलीत ते ऐकू द्या, दुसऱ्या खोलीत निवेदन संपेपर्यंत आवाज बंद ठेवा. वीस मिनिटांनी दोन्ही गटांना एकत्र आणून विचारा, नायकाने खून केला असेल का? पहिल्या गटाला हा प्रश्नच पडलेला नसतो. म्हणजे बिघाडाचं मिनिट पहिलंच. २००८ मध्ये आलेल्या दिग्दर्शकाच्या प्रतीत हे निवेदन काढलेलं आहे, त्यामुळे कुठली प्रत हाती आहे ते आधी बघा. या प्रयोगाला जुनीच लागते.

'थर्टीन्थ फ्लोअर'वर कमी वेळ द्या. माणूस गाडी घेऊन शहराबाहेर जात राहतो आणि जगाच्या टोकाला नुसत्या हिरव्या रेषा उरतात, हा प्रसंग अप्रतिम आहे. पण आभासी जगात शिरलेला माणूस तिथे मेला तर काय होतं, हा कथेचा सगळ्यात महत्त्वाचा नियम फार उशिरा आणि नेमका सोयीच्या वेळी येतो. वहीतली वेळ बघितली की मुद्दा आपोआप कळतो.

उरलेली संध्याकाळ तत्त्वज्ञानाला द्या, त्याआधी नको. कोणीतरी मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेटचा १९८३ चा प्रयोग काढेलच: बोट हलवण्याच्या साधारण अर्धा सेकंद आधी मेंदूत हालचाल सुरू होते आणि 'आता हलवतो' ही जाणीव मात्र सुमारे ०.२ सेकंद आधी होते, म्हणून इच्छास्वातंत्र्य खोटं. एवढंच विचारा की बोट कधी हलवायचं आणि नोकरी सोडायची का, या दोन निवडी एकाच जातीच्या आहेत का. दुसरं हमखास येणारं वाक्य म्हणजे 'ही तर आपली माया'. अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर १९१६ पासून उभं असलेल्या खानदेशात हे ढोबळपणे सोडून देणं बरोबर नाही. अद्वैतातली माया ही कुणी खलनायकाने लावलेली यंत्रणा नव्हे, आणि तिच्यातून सुटका ज्ञानाने होते, दार फोडून होत नाही. या चित्रपटांना जवळचे शब्द संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण हे आहेत. आधीचं ठरलेलं किती आणि आत्ता हातात किती, हा प्रश्न त्या तीन शब्दांत नेमका बसतो.

मग वीस मिनिटांचा लेखनाचा सराव. कल्पना अशी द्या: रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाला रोज उद्याचा भाव आज दिसतो. लोक लगेच त्याला करोडपती करतात. थांबवा आणि चार प्रश्न लावा. बाग कापणीला आलीय, घड थांबत नाहीत. मजूर ठरलेत, ट्रक सांगितलाय. उद्या भाव पडणार हे माहीत असून तो काय करू शकतो? आज सगळा माल कापला तर शेजाऱ्याला ट्रक मिळणार नाही. त्याला सांगितलं तर सगळेच आज कापतील आणि आजचाच भाव पडेल. भविष्य दिसलं म्हणून हात मोकळे होत नाहीत, हे इथे दोन ओळींत कळतं. असे अडथळे लिहिले की कथा उभी राहते.

चौथा आठवडा

'नेक्स्ट' न थांबवता दाखवा. नियम सोपा आहे: नायकाला फक्त स्वतःचं भविष्य आणि तेही दोनच मिनिटांचं दिसतं. पण एका मुलीच्या बाबतीत मात्र पुढचं दिसतं, आणि तिथून नियमाला भोक पडतं. हे आधी सांगू नका. चित्रपट संपला की बोलू देऊ नका, नाहीतर मोठ्या आवाजाचा माणूस सगळ्यांचं मत ठरवतो. प्रत्येकाने चिठ्ठीवर एकच वेळ आणि एकच ओळ लिहून डब्यात टाकायची. चिठ्ठ्या उघडून वेळा फळ्यावर ओळीने मांडा. बहुतेक वेळा एकाच ठिकाणी जमल्या तर तो प्रसंग पुन्हा लावा. दोन ठिकाणी ढीग पडले तर दोन्ही प्रसंग लावा, वह्या उघडायला सांगा आणि आधीचा नियम कोणी किती वाजता लिहिला होता ते वाचून घ्या. शेवटच्या पाच मिनिटांची वेळ लिहिणाऱ्यांना सगळ्यात आधी बोलू द्या आणि त्यांच्याच वहीत मागे जायला सांगा.