इन्व्हर्टरवर मोटर टाकताय? या चुका टाळा

पंप 1 एचपीचा, म्हणजे 746 वॉट, मग दीड केव्हीएचा (म्हणजे 1500 व्होल्ट-अँपिअर क्षमतेचा) इन्व्हर्टर का पुरत नाही, हे सोसायटीत कोणीतरी विचारतंच. अहो, 746 वॉट हे शाफ्टवरचं (फिरणाऱ्या दांड्यावरचं) आउटपुट, लाईनमधून मोटर हजार-अकराशे तरी ओढते आणि तेही फिरायला लागल्यावर. स्टार्टला रोटर (मोटरचा फिरणारा भाग) उभा असतो, तेव्हा करंट फुल लोडच्या पाच ते सात पट जातो. 6 अँपिअरची मोटर क्षणभर 30-40 मागते, म्हणजे 230 व्होल्टवर सात ते नऊ केव्हीए! इन्व्हर्टर बीप मारून बसणारच.

मग लोक मुंबईच्या लोहार चाळीतून (इलेक्ट्रिकलच्या बाजारातून) मोठा इन्व्हर्टर आणतात आणि तरी ट्रिप होतो, कारण बॅटरी आणि केबल जुनीच. 24 व्होल्टवर 3000 वॉट काढायचे तर बॅटरीतून 125 अँपिअर, लॉस धरून 140 च्या आसपास. आता लग (केबलच्या टोकाची धातूची जोडणी) ढिली असेल, टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमली असेल (आपल्या दमट हवेत ती जमतेच) आणि वाटेत नुसता 10 मिलिओहम जास्तीचा रेझिस्टन्स आला तरी 1.4 व्होल्ट तिथेच गेले, इन्व्हर्टरला वाटतं बॅटरी संपली. म्हणून स्टार्टच्या क्षणी दोन ठिकाणी डीसी व्होल्टेज मोजा, एकदा बॅटरीच्या टर्मिनलवर आणि एकदा इन्व्हर्टरच्या. दोन्हींत फरक मोठा आला तर दोष केबल किंवा लगचा, दोन्हीकडे सारखंच पडतंय तर बॅटरी थकलीय किंवा मुळात लहान आहे. आणि साध्या क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती अडकवून करंट मोजतात तो) करंट कमी दिसला म्हणून खूश होऊ नका, तो पीक पकडतच नाही, इनरश (स्टार्टचा क्षणिक करंट) पकडणाऱ्या मोडचा मीटर लागतो.

मोटर नुसती हम्म करते पण फिरत नाही? आधी स्विच बंद करा, असंच ठेवलं तर वाइंडिंग जळेल. मग कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करतो तो) बघा, त्यातला साठलेला चार्ज आधी काढून. स्क्वेअर वेव्ह (लाईनसारखी गुळगुळीत लाट न देणारा) इन्व्हर्टर असेल तर मोटर आवाज करते, तापतेही जास्त, तिथे साइन वेव्हच हवा.

सॉफ्ट स्टार्टरवर (स्टार्टला व्होल्टेज कमी ठेवून हळूहळू वाढवणारं उपकरण) पण आंधळा भरवसा नको. व्होल्टेज अर्धं केलं की टॉर्क (फिरवायचा जोर) पाववर येतो, सेंट्रिफ्युगल पंपाला बहुतेकदा चालून जातं, पण प्रेशरविरुद्ध सुटणाऱ्या कॉम्प्रेसरला नाही. व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह) सगळ्यात भारी, करंट हळूहळू चढतो. फक्त तो कपॅसिटरवाल्या सिंगल फेज मोटरला जोडू नका, थ्री फेज मोटर घ्या आणि सिंगल फेज इनपुटवाला ड्राइव्ह.

खरं सांगू का, मुंबईत 12 ऑक्टोबर 2020 सारखा ब्लॅकआउट रोज होत नाही. वरची टाकी भरलेली ठेवा, बॅटरीवर जिन्याचे दिवे ठेवा, पंप नकोच.

घरच्या फ्रिजचं म्हणाल तर लाईट गेल्या-आल्यावर लगेच चालू करू नका, गॅसचं प्रेशर बसायला तीन ते पाच मिनिटं द्या, नाहीतर कॉम्प्रेसर अडकतो आणि इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवतो. डिले टायमर लावला की ते लक्षात ठेवायची कटकट नाही.