नव्या गाडीचा भाव ठरवताना या चुका टाळा

शोरूममध्ये बसलात की थोड्याच वेळात प्रश्न येतो: "महिन्याला हप्ता किती परवडेल?" याचं उत्तर देणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आकडा सांगितलात की गाडीची किंमत बाजूला पडते आणि हप्ता तेवढ्यात बसवायचं काम सुरू होतं. मुदत वाढवली की तो सहज बसतोही. ८ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १६,६०० येतो, ७ वर्षांसाठी घेतलं तर १२,८७०. ऐकायला बरं वाटतं, पण एकूण व्याज १.९६ लाखांवरून २.८१ लाखांवर जातं आणि गाडी एका पैशानंही स्वस्त झालेली नसते. तेव्हा "आधी किंमत ठरवू, कर्जाचं नंतर" एवढंच म्हणा. आपल्या बँकेचा व्याजदर आधीच काढून ठेवा, म्हणजे शोरूममधलं कर्ज खरंच स्वस्त आहे का ते जागेवरच कळेल.

जुनी गाडी द्यायची असेल तर तिचा विषय नवीचा भाव पक्का होईपर्यंत काढू नका. दोन्ही व्यवहार एकत्र झाले की जुनीला चढा भाव दिल्यासारखं दाखवून नवीवरची सूट हळूच काढून घेता येते. जुनीची किंमत बाहेर दोघा-तिघांकडून आधी काढून आणा.

आता कोटेशन. शेवटचा आकडा बघून मान डोलावू नका, एकेक ओळ वाचा. सरकारी कर आणि नोंदणी शुल्कात घासाघीस होत नाही, तिथे वेळ घालवू नका. पण हँडलिंग, बॉडी कोटिंग, मॅट-सीट कव्हरचं पॅकेज, वाढीव वॉरंटी या ओळींवर बोट ठेवून "हे काढा" म्हणता येतं. विम्याचा दुसरीकडचा दरही विचारून ठेवा. "ॲक्सेसरीज फुकट" पेक्षा तेवढी रोख सूट मागा. फुकट वस्तूंची किंमत बहुतेक वेळा फुगवलेली असते.

एकाच शोरूमवर थांबू नका. तेच मॉडेल, तेच व्हेरिएंट, दोन-तीन ठिकाणची लेखी कोटेशनं हातात असली की बोलण्याला वजन येतं. महिनाअखेरीला विक्रीचं टार्गेट गाठायचं असतं, तेव्हा सूट सुटण्याची शक्यता जास्त. मात्र मोठी सूट मिळत असेल तर गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचारा. मागच्या वर्षीची असेल तर उद्या विकतानाही ती एक वर्ष जुनीच धरली जाणार, म्हणून सूटही त्या हिशेबानं हवी.

आणि टोकन देण्याआधी सगळं कागदावर घ्या: एकूण किंमत, सूट, रंग, डिलिव्हरीची तारीख, बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील. टोकन देऊन बसला असाल आणि आता आकडा वाढवून सांगत असतील, तर वाद घालण्याआधी बुकिंग फॉर्ममधली किंमत बदलण्याची अट वाचा. तशी अट नसेल तर मॅनेजरला ईमेल करा, ठरलेला आकडा त्यात लिहा आणि उत्तरही लेखीच मागा.