पॉवर व्हीलचेअर घरात रुळवताना

खुर्ची निवडण्याआधी मेजरिंग टेप घेऊन घरभर फिरा. दाराची चौकट मोजून उपयोग नाही. दार पूर्ण उघडल्यावर पल्ला आणि समोरची चौकट यांत जेवढी जागा उरते, तीच खरी. ती 90 सेंटीमीटर मिळाली तर उत्तम, पण न्हाणीघराला बहुधा मिळत नाही. पल्ला काढून बाहेरच्या भिंतीवर सरकतं दार बसवलं की तीन-चार सेंटीमीटर सुटतात. खुर्चीच्या रुंदीत दोन्ही बाजूंना निदान पाच-पाच धरा, नाहीतर कोपर चौकटीला सोलवटून निघतं.

रॅम्पचा चढ 1:12. म्हणजे 5 सेंटीमीटरच्या उंबरठ्याला 60, आणि 15 च्या पायरीला 180 सेंटीमीटर लांबी. गवंडी हमखास आखूड करतो. मग खाली फूटरेस्ट घासतं आणि चढताना पुढची चाकं उचलली जातात. वर दारापुढे दीड मीटर सपाट जागा हवी. उतारावर थांबून कडी काढणं धोक्याचं. गुळगुळीत फरशी नको, पावसात चाकं घसरतात.

आता जॉयस्टिक. बहुतेकांची खुर्ची भिंतींवर आपटते ती इथे, कारण शोरूमचीच सेटिंग घरी चालू राहते. पुढचा वेग, मागचा वेग, वळण्याचा वेग, उचल (वेग किती झटकन वाढतो) आणि थांबणं, हे सगळं कंट्रोलरमध्ये वेगवेगळं ठरवता येतं. डीलरला प्रोग्रामर, म्हणजे या सेटिंग बदलायचं यंत्र, घेऊन घरीच बोलवा आणि चाचणी सगळ्यात अरुंद दारापाशी घ्या. आधी वळण्याचा वेग कमी करा, सरळ वेगाचं नंतर बघू. घरासाठी एक आणि रस्त्यासाठी एक, असे दोन प्रोफाइल ठेवा.

हात थरथरत असेल तर कंप गाळण्याची सेटिंग असते. ती हवी तेवढीच वाढवा. जास्त झाली की खुर्ची हुकूम उशिरा ऐकते, बसणारा घाईने उलटा झटका देतो आणि खुर्ची डुलत जाते. वेग घटवून, कोपराला नीट टेकू देऊन बराच कंप आपोआप आवरतो. ते आधी करून बघा.

चालू करताना दिवे लुकलुकले आणि खुर्ची हलेना, तर लगेच मेकॅनिकला फोन नको. हात जॉयस्टिकवर राहिला असेल. बंद करा, हात काढा, पुन्हा चालू करा.

लेड-ॲसिडच्या 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, म्हणून 24 व्होल्ट. थोडीशीच वापरली तरी रोज रात्री चार्जला लावा. रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट साचतं आणि क्षमता परत येत नाही. एका चार्जमध्ये खुर्ची जाते ते अंतर अचानक कमी झालं तर पूर्ण चार्ज करून, काही तास थांबून, मल्टिमीटरने दोन्ही वेगळ्या मोजा. एक 12.7 आणि दुसरी 12.2 दाखवत असेल तर दुसरी गेली. बदलायच्या मात्र दोन्ही. जुनी नवीलाही ओढत नेते. लिथियम बॅटरीला लेड-ॲसिडचा चार्जर कधीही लावू नका.

मोटरजवळचा फ्रीव्हील लिव्हर घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. तो सोडला की खुर्ची हाताने ढकलता येते, पण ब्रेकही सुटतो. त्यामुळे रॅम्पवर, माणूस बसलेला असताना, त्याला हात लावायचा नाही.