समुद्रातलं अन्नजाळं वर्गात कसं शिकवावं

सहावी ते आठवीच्या मुलांना अन्नसाखळी पाठ असते: गवत, नाकतोडा, बेडूक, साप. समुद्राचा धडा आला की हीच साखळी शैवाल, मासा, शार्क अशी पुन्हा काढून दिली जाते. त्यातून मुलांच्या हाती नवं काही लागत नाही. खरं शिकवायचंय ते हे, की एका जीवाची संख्या बदलली तर परिणाम दोन-तीन घरं सोडून उमटतो, आणि त्यात कुणी घटतं तसं कुणी वाढतंही. यासाठी सलग दोन तास काढा.

एकच परिसर निवडा. सगळा समुद्र एकदम घेतला की नुसती नावांची यादी होते. उत्तर पॅसिफिक किनाऱ्यालगतची केल्पची जंगलं यासाठी उत्तम आहेत. केल्प म्हणजे तळाच्या खडकाला धरून उंच वाढणारं तपकिरी शैवाल. कार्डं करा: वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणारे, प्रकाशसंश्लेषण करणारे सूक्ष्म जीव), केल्प, कोपेपॉड (पाण्यात तरंगणारे बारीक कवचधारी प्राणी), क्रिल (झिंग्यासारखे छोटे प्राणी), शिंपले, खेकडा, सी अर्चिन (काटेरी गोल समुद्री प्राणी), हेरिंग आणि सामन हे मासे, सील, सी ऑटर (समुद्री पाणमांजर), ऑर्का (मोठे समुद्री शिकारी), हम्पबॅक देवमासा आणि जीवाणू. जीवाणूंचं कार्ड गाळू नका. मेलेलं सगळं कुजवून त्यातली पोषकद्रव्यं पाण्यात परत आणणारे तेच.

सुरुवात सर्वांत लहानापासून करा. मुलं आधी ऑर्काचं कार्ड उचलतात. त्यांना थांबवून वनस्पतिप्लवकांचं कार्ड पुढे ठेवा. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी साधारण निम्मं समुद्रात होतं, आणि त्यातलं बहुतेक हे डोळ्यांना न दिसणारे जीव करतात, हे इथेच सांगा.

बाण मोठ्याने वाचून घ्या. सर्वाधिक चुका इथे होतात. ‘ऑटर अर्चिनला खातो’ म्हणून मुलं बाण ऑटरकडून अर्चिनकडे काढतात. प्रत्येक बाण ‘च्या पोटात जातो’ असा वाचायला लावा: केल्प अर्चिनच्या पोटात जातं, अर्चिन ऑटरच्या पोटात जातो. बाण उलटा असेल तर वाचतानाच मुलं हसतात आणि स्वतःच दुरुस्त करतात.

आता कार्डं घेतलेली मुलं गोल उभी करा. ज्याला खाल्लं जातं त्याच्याकडून खाणाऱ्याकडे सुतळी न्या. बाकीच्या मुलांनी तेच बाण फळ्यावर काढावेत.

एक कार्ड काढून घ्या. सुतळीचा खेळ बऱ्याच ठिकाणी खेळला जातो, पण बहुतेकदा इथे फसतो. एकाने सुतळी सोडली की सगळं जाळं सैल पडतं आणि ‘एक गेला की सगळे मरतात’ असा चुकीचा समज घेऊन मुलं बाहेर पडतात. म्हणून सुतळीवर थांबू नका. प्रत्येकाला ‘वाढेल’ आणि ‘घटेल’ अशा दोन चिठ्ठ्या द्या. ऑटर काढा आणि विचारा, अर्चिनचं काय होईल? वाढेल. मग केल्प? घटेल. केल्पच्या आडोशाने राहणारे लहान मासे? इथे वर्ग गप्प होतो. तो वेळ त्यांना द्या, उत्तर स्वतः सांगू नका.

नंतर खरी हकिकत सांगा. 18व्या आणि 19व्या शतकात केसाळ कातड्यासाठी ऑटरची प्रचंड शिकार झाली. 1911 च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्यांना संरक्षण मिळालं. पुढे जेम्स एस्टिस आणि जॉन पाल्मिसानो या शास्त्रज्ञांनी अलास्काजवळच्या अल्यूशन बेटांची तुलना करून 1974 मध्ये निष्कर्ष मांडले: ऑटर असलेल्या अ‍ॅम्चिटका बेटाभोवती केल्पची दाट जंगलं होती, आणि ऑटर नसलेल्या शेम्याभोवती अर्चिनने केल्प फस्त केलेलं होतं. आपल्या चिठ्ठ्यांवरचा अंदाज समुद्रात खरा ठरलेला पाहून मुलांचे चेहरे उजळतात.

ऊर्जा पाण्याने दाखवा. अन्नसाखळीतल्या एका पातळीवरची सरासरी दहा टक्केच ऊर्जा वरच्या, म्हणजे खाणाऱ्यांच्या, पातळीला मिळते. 1942 मध्ये परिसंस्थाशास्त्रज्ञ रेमंड लिंडमन यांच्या कामातून हा विचार पुढे आला. प्रमाण जागोजागी कमीजास्त असतं, तेही सांगा. लिटरभर पाणी वनस्पतिप्लवकांचं माना. कोपेपॉडला 100 मिलिलिटर, हेरिंगला 10, सीलला 1. मिलिलिटरभर पाणी मुलांच्या तळहातावर ओता, मग विचारा: बाकीचं गेलं कुठे? हालचाल, शरीराची उष्णता, न खाल्लेले भाग, विष्ठा, हे मुद्दे त्यांच्याकडूनच येऊ द्या. मोठे शिकारी इतके थोडे का, हे वेगळं समजावावं लागत नाही.

तपासणीसाठी न शिकवलेला प्रश्न द्या. उदाहरणार्थ, हेरिंग बेसुमार पकडले तर सामनचं काय होईल? ‘घटतील, कारण त्यांचं खाद्य गेलं आणि सीलही त्यांच्याकडे वळतील’ हे उत्तर बरोबर. ‘फारसे घटणार नाहीत, कारण ते क्रिलही खातात’ हेही बरोबर. मुलाने वापरलेला प्रत्येक बाण फळ्यावर असेल तर पूर्ण गुण द्या.