साइझेस लिहिल्याशिवाय एसआरसीसेटवर विसंबू नका

विषय वेबसाइटवरचे फोटो. वेबपी (फोटोचा हलका फाइल-प्रकार), कॉम्प्रेशन, ऑल्ट (फोटोचं शब्दांतलं वर्णन) हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. एसआरसीसेट म्हणजे एकाच फोटोच्या वेगवेगळ्या रुंदीच्या प्रतींची यादी, आणि साइझेस म्हणजे तो फोटो पानावर किती रुंद दिसणार हे ब्राउझरला सांगणारी नोंद. मला सगळ्यात जास्त छळलं ते साइझेसनं, म्हणून भर त्यावरच.

पैठणीच्या एका दुकानाचा कॅटलॉग होता. फोनवर एका ओळीत दोन साड्या. प्रत्येक फोटोच्या ३६०, ५४०, १०८० आणि १६०० पिक्सेल रुंदीच्या प्रती काढून एसआरसीसेटमध्ये नीट दिलेल्या. तरी पान रखडायचं. दुकानदार रोज विचारायचे आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

ब्राउझर एचटीएमएल वाचता वाचताच फोटो मागवायला लागतो. तेव्हा सीएसएस (पानाची मांडणी ठरवणारे नियम) लागू झालेलं नसतं, त्यामुळे फोटो पानावर किती रुंद दिसणार हे त्याला कळायला मार्ग नसतो. साइझेस नसेल तर तो फोटो स्क्रीनभर, म्हणजे १०० व्हीडब्ल्यू (स्क्रीनच्या रुंदीचे १०० टक्के), धरतो. फोन ३६० रुंदीचा, पिक्सेल रेशो ३ (रुंदीत सीएसएसच्या एका पिक्सेलमागे स्क्रीनचे तीन), म्हणून १०८० ची प्रत उचलतो. गरज मात्र अर्ध्या स्क्रीनची: १८० गुणिले ३, म्हणजे ५४०. रुंदी दुप्पट तशी उंचीही दुप्पट, म्हणजे चौपट पिक्सेल, आणि तेही प्रत्येक साडीमागे! साइझेसमध्ये फोनसाठी ५० व्हीडब्ल्यू लिहायचं, लॅपटॉपवर चार रकाने असतील तर तिथे २५. पुढे कुणी ग्रिड बदलली तर हा आकडाही हातानं बदलावा लागतो. विसरलात तर एरर येत नाही, फोटोही छान दिसतो, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही.

तपासताना डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधली तपासणीची साधनं) कॅशे, म्हणजे आधी उतरवलेल्या फाइलींचा साठा, बंद करा. मोठी प्रत आधीच कॅशेत असली तर क्रोम तीच वापरतो आणि बरोबर लिहिलेलं साइझेसही चुकलंय असं वाटतं. यात माझी अख्खी संध्याकाळ गेली आहे. एकदा हे गणित हातात बसलं की पुन्हा अडत नाही, खरंच.

‘एका क्लिकमध्ये सगळे फोटो हलके’ म्हणणाऱ्या प्लगइनवर माझा भरवसा नाही. ते फाइल दाबतात. तुमच्या पानावर किती रकाने आहेत याचा विचार बहुतेकदा तुम्हालाच करावा लागतो. आणि पानाच्या वेगाचा ‘स्कोअर हिरवा कर’ एवढंच सांगणाऱ्या सीनियरपेक्षा शेजारी बसून नेटवर्क टॅब (कोणती फाइल किती मोठी उतरली ते दाखवणारा) उघडणारा शोधा.

पानाच्या सुरुवातीच्या मोठ्या फोटोला लेझी लोडिंग (फोटो नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत न मागवणं) कधीही लावू नका. एलसीपी (पानावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत हवा, आणि बहुतेक वेळा तो याच फोटोवर मोजला जातो. विड्थ आणि हाइट सगळ्या फोटोंना द्या, नाहीतर फोटो उतरताना पान उड्या मारतं.

जरीच्या क्लोजअपला वेगळी वागणूक द्या. लॉसी (तपशील थोडा गाळणारं) वेबपी रंगाची माहिती ४:२:० मध्येच, म्हणजे उजेडापेक्षा कमी बारकाईनं, साठवतं, त्यामुळे लाल काठाची बारीक रेघ फिसकटते. तिथे ४:४:४ चं (रंगाचा पूर्ण बारकावा राखणारं) जेपेग किंवा एव्हीआयएफ हा नवा फाइल-प्रकार घ्या. फाइल थोडी जड होईल, होऊ द्या. गिऱ्हाईक काठ बघूनच साडी घेतं.

ऑल्टमध्ये ‘साडी १’ लिहू नका. ‘जांभळी पैठणी, पदरावर मोर’ असं लिहा, आणि पानाची भाषा एमआर (मराठीचा कोड) ठेवा, म्हणजे मराठी आवाज असलेला स्क्रीन रीडर (पान मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) तो मजकूर मराठीतच वाचेल.